सेलबोर्डावर पाय सटकतो? रेतीआधी साखर करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या दोघा भावांनी थर्मोकोलच्या ठोकळ्यांतून दहा फुटी सेलबोर्ड (उभं राहून शिडाने हाकायची फळी) कापला, त्यावर ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं कापड) आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन, म्हणजे चिकट द्रव) चढवलं, घासून चकचकीत केला आणि रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेला. बोर्ड छान तरंगला, शीडही उभं राहिलं, पण वरचा भाग ओला झाला तसे पाय जागेवर ठरेनात. आता दुकानदार म्हणतो रेझिनमध्ये रेती टाका, मित्र म्हणतो योगा मॅट चिकटवा आणि तिसऱ्याने जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती खरखरीत पट्टी सुचवली आहे. यातलं काय करावं?

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागून येतीलच. रंग मिसळलेल्या इपॉक्सीचा एक थर द्या, तो ओला असतानाच त्यावर बारीक साखर पेरा, सुकल्यावर ती धुऊन टाका आणि वरून पांढऱ्या पॉलियुरेथेन रंगाचा एक पातळ हात मारा. रेती वापरायचीच तर फक्त मागच्या पायाखाली. मॅट लागलीच तर टाचेपुरती. जिन्याच्या पट्टीचा विचार सोडून द्या. तिने पाय कापतात आणि पाण्यात राहून तिच्या कडाही उचलतात.

जितकं खरखरीत तितकी पकड चांगली, असं बहुतेक जण धरून चालतात. पण बोर्डाला नुसते तळपाय लागत नाहीत. शिकणारा माणूस सारखा पाण्यात पडतो आणि पुन्हा चढतो. चढताना आधी छाती आणि पोट घासतं, मग गुडघे टेकतात, पाय सगळ्यात शेवटी येतात. परदेशातल्या तयार बोर्डांचा पृष्ठभाग बराच खरखरीत असतो, पण तिकडे थंड पाण्यात माणसं रबरी वेटसूट आणि पायात बूट घालून उतरतात. आपल्याकडे वेटसूट कोण घालतो? हाफपँट आणि टी-शर्ट, वर लाइफ जॅकेट, झालं. तसल्या दाण्यावर तासभर चढउतार केली की गुडघ्यांची सालटं निघतात. गुडघे सोलले की चढायचा कंटाळा येतो आणि शिकणं तिथेच थांबतं. म्हणून बोर्डाच्या कुठल्या जागी शरीराचा कुठला भाग टेकतो ते आधी बघायचं आणि दाणा त्यावरून ठरवायचा.

हे कागदावर ठरवू नका. बोर्ड अंगणात जुन्या गादीवर ठेवा, खालची फिन (मागचं छोटं पातं) काढून घ्या, मास्टचा (शिडाच्या काठीचा) पाया बसवा आणि पाय ओले करून उभे राहा. शीड पाण्यातून वर ओढताना मास्टच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय असतो, तसे उभे राहा. मग वारा भरल्यावर जसे मागे सरकता तसे सरका. बाजूने पोटावर चढून बघा. चकचकीत इपॉक्सीवर ओले ठसे स्वच्छ दिसतात, ते वाळायच्या आत ग्लास मार्करने त्यांच्याभोवती रेघ ओढा. दोघे भाऊ असाल तर दोघांचेही ठसे घ्या, उंचीप्रमाणे पावलं पुढेमागे पडतात. थोड्या वेळात बोर्डावर नकाशा तयार होतो. मास्टच्या आसपास आणि मधल्या रेषेवर पाय, कडेच्या पट्ट्यात छाती आणि गुडघे, मागे एकच पाय. मास्टच्या पायापुढे वीतभर सोडून उरलेलं टोक गुळगुळीतच राहू द्या. तिथे कोणी उभं राहत नाही. तळाला तर एक दाणाही नको, तिथे पाणी सुरळीत वाहिलं पाहिजे.

त्याच वेळी आणखी एक तपासणी उरकून घ्या. जिथे टाच पडते तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबा. पृष्ठभाग किंचितही दबला तर पकडीचं काम थांबवा आणि तेवढ्या भागावर आधी ग्लास क्लॉथचा आणखी एक थर चढवा. पॅकिंगच्या हलक्या थर्मोकोलवर एकच थर दिलेला असेल तर टाचेखाली खड्डे पडतातच. वरचा दाणा कितीही चांगला बसवला तरी खालचं कवच फुटलं की पाणी आत शिरतं आणि बोर्ड जड होत जातो.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. त्याने दिलेलं रेझिन कुठलं, हे आधी विचारा. इतवारीत किंवा एमआयडीसीच्या बाजूला 'फायबरचं रेझिन द्या' म्हटलं की हातात पडतं ते बहुधा पॉलिस्टर. सोबत कोबाल्ट आणि कॅटॅलिस्टच्या (ते घट्ट करणाऱ्या द्रवांच्या) बाटल्या असतात. टाक्या, खुर्च्या, छपराचे पत्रे यांना ते उत्तम. पण त्यातलं स्टायरीन थर्मोकोल खातं. तुमच्या कवचात सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं असेल, तरी त्यातून ते आत उतरेल आणि वरून काही न दिसता खाली पोकळी होईल. शिवाय सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, सोलून निघतं. तेव्हा इपॉक्सीवर इपॉक्सीच. आणि घरात त्या दोन बाटल्या असतील तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो.

याच कारणाने थिनरचा बोळाही बोर्डापासून लांब ठेवा. एनसी थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, टर्पेंटाइन या सगळ्यांत थर्मोकोल विरघळतं. पुसायला भांडी घासायचा साबण आणि पाणी पुरतं, फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

रेतीबद्दल माझा राग नाही. कन्हानची रेती आपल्याकडे सहज मिळते आणि सिमेंटच्या कामात तिला तोड नाही. पण बोर्डावर तिचे तीन तोटे आहेत. ती वजन वाढवते. तिचा दाणा रेझिनच्या तळाशी बसतो, त्यामुळे रेझिन जाड असेल तर दाणा बुडून वर गुळगुळीत राहतं, पातळ असेल तर दाणा उघडा पडून कातडी सोलतो. आणि पुढे कधी दुरुस्तीला घासायची वेळ आली तर पॉलिश पेपर संपतो पण रेती घासली जात नाही. मागच्या पायाखालची गोष्ट वेगळी. तिथे जोर जास्त येतो आणि गुडघा सहसा टेकत नाही, म्हणून तिथे चालेल. त्यासाठी रेती गढूळ पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा, उन्हात कडक वाळवा आणि मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल तेवढीच घ्या. माती राहिली तर रेझिन मातीला चिकटेल, रेतीला नाही.

मॅटचं म्हणाल तर ईव्हीएचा (मऊ फोमचा) तुकडा टाचेखाली खरोखर सुखाचा असतो. मात्र स्वस्तातली योगा मॅट बऱ्याचदा पीव्हीसीची निघते, ती ओली झाली की निसरडी होते आणि उन्हात आकसते. शिवाय चिकटवायला जे रबर सोल्यूशन वापरतात त्यातही थर्मोकोल खाणारा द्राव असतो आणि मेमधल्या नागपूरच्या उन्हात ते मऊ पडतं. मॅट वापरलीच तर रंगकाम पूर्ण झाल्यावर, छोट्या तुकड्यांत, कोपरे गोल कापून लावा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. सर्फवाले मेण घासतात, तेही इथे नको. उन्हात वितळतं, धूळ पकडतं आणि एकदा मेण लागलं की त्यावर पुढे कुठलाही रंग धरत नाही. मेणबत्ती तर उलट पाय घसरवते.

आता मुख्य काम. पृष्ठभागाची तयारी हाच यातला कंटाळवाणा आणि महत्त्वाचा भाग आहे. ताज्या इपॉक्सीवर हवेतल्या दमटपणामुळे मेणचट पापुद्रा येतो, डोळ्याला बऱ्याचदा दिसत नाही. तो घासण्याआधी धुवायचा असतो, नाहीतर पेपरने तो सगळीकडे पसरतो. म्हणून आधी साबणपाणी आणि हिरवी घासणी, मग ८० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासणं. उजेडाला तिरपं धरून बघा, एकही चकचकीत ठिपका दिसता कामा नये. पण क्लॉथची वीण दिसायला लागली तर थांबा, तुम्ही ताकद घासून काढताय. मास्क लावा, घासताना पाणी मारत राहा, ती धूळ फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नाही. शेवटी वरून पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब-थेंब होऊन फाटला तर कुठेतरी तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा.

मग मार्करच्या रेघांवरून मास्किंग टेप लावा, कोपरे वाटी ठेवून गोल करा. मास्टची खाच आणि मधल्या पात्याची (बोर्ड आडवा वाहू नये म्हणून खाली सोडतात त्या पात्याची) फट टेपने नीट बंद करा. साखरेचे खडे आणि रेझिन तिथे गेले की नंतर पातं अडकून बसतं.

साखर बाजारात दाण्याच्या आकारावर विकली जाते. नेहमीची एम-३० जाड असते, तुम्हाला बारीक दाण्याची एस-३० हवी. किराणा दुकानदाराला 'बारीक साखर' म्हटलं तरी कळतं. पिठीसाखर अजिबात नको, ती रेझिनमध्ये कालवून खळ होते. याच कारणाने घेतलेली साखरही चाळून तळाचा चुरा काढून टाका आणि उन्हात ताटात पसरून कोरडी करा. मीठसुद्धा चालतं, पण पावसाळ्यात ते लगेच ओलं होऊन गोळे धरतं. दोन किलो साखर हाताशी असू द्या, कारण हात आखडता घेतला तर काम बिघडतं. उरलेली परत डब्यात टाकू नका.

पहिलं काम बोर्डावर नाही, प्लायवूडच्या तुकड्यावर करायचं. त्यावर तीन पट्टे करा. एकावर बारीक साखर, एकावर जाड, एकावर रेती. सुकवून, धुऊन, रंग देऊन ते बाथरूममध्ये ठेवा, पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाका आणि अनवाणी उभे राहा. एका टोकाखाली वीट सरकवून उतार द्या. त्यानंतर त्याच पट्ट्यांवर कोपर घासून बघा. पाय ठरतो पण कोपर लाल होत नाही, तो पट्टा मधल्या भागासाठी घ्या. कडेला त्याहून एक पायरी सौम्य. या एका तुकड्याने जेवढं कळेल तेवढं माझ्या वर्णनाने कळणार नाही.

इपॉक्सीचं प्रमाण वजनाने मोजा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. आपल्याकडे सर्रास मिळणारी एलवाय-५५६ आणि एचवाय-९५१ ही जोडी असेल तर १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर. दुसरी कुठली असेल तर डब्यावर लिहिलंय तेच. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. पॉलिस्टरमध्ये तो हिशोब थोडाफार चालतो, इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर मऊ आणि चिकट राहतो. पांढरी इपॉक्सी पेस्ट थोडीच मिसळा, म्हणजे कुठे लागलं कुठे सुटलं ते दिसतं. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोडत नाही.

वेळ संध्याकाळची निवडा, ऊन उतरल्यावरची. याचं कारण थर्मोकोलच्या आत हवा आहे. सकाळी काम केलंत तर दिवस चढेल तशी ती हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते. तापमान उतरत असताना तोच थर आत ओढला जातो आणि भोकं बुजवतो. उन्हाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा. साधारण दर १० अंशांना रेझिन घट्ट होण्याचा वेग दुप्पट होतो. मगात अर्धा किलो कालवून ठेवलंत तर ते तिथेच तापून धूर सोडेल. शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

रोलरने दोन फुटांचा पट्टा भरा, रेझिन सारखं पसरवा, डबकं कुठेही नको. लगेच साखर. चाळणी किंवा भोकं पाडलेलं झाकण हात-दीड हात उंच धरा आणि हळू हलवा. जवळून टाकली तर ढीग पडतात. साखर पडेल तिथे आधी ओलसर करडी दिसते, रेझिन दाण्यांच्या मधून वर चढतं. आणखी टाका. ओली चमक पूर्ण जाऊन पट्टा कोरडा, पांढराशुभ्र दिसेपर्यंत टाकत राहा आणि मगच पुढचा पट्टा घ्या. दाबायचं नाही, हात फिरवायचा नाही, मोह आवरायचा. साखर जास्त झाली असं यात होत नाही. कमी पडली तर मात्र गुळगुळीत टक्कल राहतं, नेमकं तिथेच पाय सटकतो. रेझिन चिकट झालं की टेप काढून घ्या, पूर्ण सुकल्यावर ती कडेचा पापुद्रा घेऊन निघते.

आणि मुंग्या! गच्चीवर रात्रभर दोन किलो साखर उघडी ठेवणार म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या सगळ्या मुंग्या येणार. पूर्वी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच ज्या घोडीवर बोर्ड ठेवलाय तिच्या पायांना करा. नाहीतर सकाळी इपॉक्सीत रुतलेल्या मुंग्या चिमट्याने वेचत बसाल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटी साखर ब्रशने झाडा आणि कोमट पाणी ओता. उकळतं नको, इपॉक्सी अजून कोवळी असते. भांड्याच्या प्लॅस्टिक ब्रशने गोल गोल घासा. आधी पाक वाहतो, मग पाणी साफ होतं आणि खाली सारख्या खळग्यांचं जाळं उघडं पडतं. बोट फिरवल्यावर काही ठिकाणी टणक पुटकुळ्या लागतील. तिथे दाण्यावर रेझिनची साय धरलेली असते. १२० नंबरचा पेपर एकदा हलका फिरवा, साय फुटते, पुन्हा धुवा. बोटाला चिकटपणा अजिबात राहता कामा नये. आत राहिलेल्या साखरेवर बुरशी येते. खळगे क्लॉथपर्यंत पोचत नाहीत, खाली इपॉक्सीचा अखंड थर असतो, त्यामुळे पाणी मुरण्याची भीती नको.

एक दिवस पूर्ण वाळू द्या, मग पॉलियुरेथेन. हा थर शोभेचा नाही, उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि खडूसारखी भुकटी सोडते. दोन भागांचा, मॅट फिनिशचा पांढरा किंवा फिक्कट करडा रंग घ्या, पातळ करून रोलरने एकच हात द्या. जाड दिला तर खळगे भरतील आणि केलेलं काम वाया जाईल. याचा हार्डनर ओलाव्याशी झटापट करून बुडबुडे काढतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हा थर देऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरे. डिसेंबरच्या थंड रात्री इपॉक्सी सुकायला फार वेळ लावते, तेव्हा बोर्ड घरात घ्या. आणि हा रंग स्प्रेने मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा फवारा दम्यासारखा त्रास मागे लावतो, कापडी मास्कने तो अडत नाही. रोलर, मोकळी हवा आणि कार्ट्रिजचा मास्क.

पांढऱ्याचा आग्रह का, तर घरी सुकलेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ला टेकतो, मग उन्हातला काळा किंवा निळा बोर्ड कुठे पोचत असेल ते बघा. आतली हवा फुगते, कवच थर्मोकोलपासून सुटतं आणि पकडीसकट फोड उठतात. नागपूरहून रामटेक जेमतेम ५० किलोमीटर, पण गाडीच्या टपावर भर दुपारी तेवढंही पुष्कळ होतं. चादर टाका. बोर्डाला हवेचं बूच ठेवलं असेल तर प्रवासात उघडं आणि पाण्यात बंद. ठेवलं नसेल तर या कामाच्या आधी ठेवा.

रंग कोरडा वाटला तरी पाण्यात न्यायच्या आधी आठवडाभर सावलीत राहू द्या. वापरायला लागल्यावर या पृष्ठभागाचा खरा शत्रू आपल्याकडची काळी माती. काठावरचा चिखल तळपायाला लागून येतो, खळग्यांत बसतो आणि पकड नाहीशी होते. मग लोक समजतात की दाणा झिजला. पाय पाण्यात धुऊनच चढा आणि घरी आल्यावर ब्रशने घासून टाका. गोड्या पाण्याचं शेवाळही तिथेच धरतं, बोर्ड ओला गुंडाळून ठेवला तर फारच. कारची पॉलिश मात्र कधी लावू नका, तिच्यातलं सिलिकॉन पायही घसरवतं आणि पुढचा रंगही धरू देत नाही.

काही हंगामांनी टाचेखालचा भाग गुळगुळीत होईल. तेवढाच पट्टा टेपने आखा, ८० नंबरने घासा आणि हेच सगळं तळहाताएवढ्या जागेत पुन्हा करा. रेती वापरली नसेल तर हे अर्ध्या तासाचं घासकाम आहे. त्यासाठी त्याच रंगाचा थोडा साठा ठेवून द्या. दोन्ही भाग वेगवेगळे, झाकणं घट्ट, आणि हार्डनरच्या डब्यात ओला चमचा अजिबात घालू नका.